वारा कुठून येतो, कुठे जातो

जळगावच्या पिंप्राळ्यातली वरची खोली भाड्याने बघायला गेलो, त्या दिवशी घरमालकांनी माझं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीही विचारलं नाही. दारातच त्यांनी खिशातून ताप मोजायची बंदूक काढली आणि माझ्या कपाळावर रोखली. साथीचे दिवस जाऊन बराच काळ लोटला होता. बाकीच्यांच्या असल्या बंदुका केव्हाच माळ्यावर गेल्या होत्या.

"छत्तीस पॉइंट सहा," ते म्हणाले. मग मला वर नेलं आणि तीच बंदूक खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर धरली. "एकेचाळीस. भिंत तुझ्यापेक्षा गरम आहे. खाट मधोमध टाकायची. उद्या अंग तापलं तर घराला दोष द्यायचा नाही."

एवढ्या मुलाखतीवर मला खोली मिळाली.

ते नाना. सगळी कॉलनी त्यांना नानाच म्हणायची. धुळ्याला एका आयटीआयमध्ये त्यांनी उभी नोकरी वायरमनचा ट्रेड शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर ते इथे येऊन राहिले. मीही मूळचा धुळ्याचाच. जळगावात ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या कामाला लागलो होतो. धुळ्याचा म्हणून नानांनी मला आपलं मानलं आणि दिवसभर कॉम्प्युटरवर बसतो म्हणून आपला साक्षीदार नेमलं. साक्षीदार कशाचा, ते मला हळूहळू कळलं.

खाली घरात नाना आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, असे दोघंच. लेक लग्न होऊन सुरतेला. माझं जेवण अक्कांकडेच होतं. सकाळी डबा, संध्याकाळी ताट.

नानांच्या आयुष्यात विषय एकच होता, वारा. "थंडी विकत मिळत नाही, उष्णता हाकलावी लागते," हे वाक्य ते दुधवाल्यालासुद्धा ऐकवायचे. कुठल्याही खोलीत शिरले की एक बोट ओलं करून वर धरायचे. म्हणायचे, "वाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे. कुठून आलास? कुठे चाललास? दोन्हींचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं." उरलेलं निम्मं काम त्यांच्या हातून झालेलं मी फारसं पाहिलं नाही.

एकदा अमळनेरला ते मला एका लग्नाला घेऊन गेले. मांडवात पाण्याचे मोठमोठे कूलर लावले होते आणि पाहुणे गारव्याला पेंगत होते. नानांना मात्र चैन पडेना. वारा चुकीच्या बाजूने येतोय, असं म्हणत त्यांनी भर लग्नात दोन कूलर ओढून दुसऱ्या दिशेला फिरवले. होमाचा सगळा धूर उठून थेट नवरीच्या तोंडावर गेला. ती डोळे पुसायला लागली आणि बायका म्हणाल्या, पोरगी किती मायाळू, आत्तापासूनच रडते. भटजी खोकत होते. नाना माझ्या कानात म्हणाले, "बघ, आता धूर इथे अजिबात नाही." आम्ही उभे होतो तिथे तो खरंच नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अक्कांना स्वयंपाकघरात एक एक्झॉस्ट फॅन हवा होता. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं.

ते स्वयंपाकघर घराच्या मागे नंतर वाढवलेलं होतं. वर पत्रा. एक हातभर खिडकी, ती शेजारच्यांच्या भिंतीकडे तोंड करून. हवा यायची ती फक्त हॉलमधून, दारातून आणि दाराच्या वर असलेल्या एका चौकोनी झडपेतून. खान्देशातला उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला बाकीचं सांगायला नको. त्यात अक्का चैत्र-वैशाखात बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, ऑर्डरी घ्यायच्या. ज्वारीच्या पिठाचं पातेलं तासतासभर रटरटत ठेवायचं, हाटत राहायचं, मग गच्चीवर नेऊन थापायचं. मी गच्चीवर जाणारं पातेलं उचलायला म्हणून दोन मिनिटं आत जायचो आणि शर्ट पिळून बाहेर यायचो.

"माले एक पंखा लावी द्या भिंतमा," अक्का नानांना म्हणायच्या. "धग बाहेर जाई. बस."

जन्मभर पोरांना पंखे बसवायला शिकवलेल्या माणसाला हे तासाभराचं काम. पण नाना म्हणायचे, "भिंतीला भोक एकदाच पाडता येतं. आधी विचार." पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी विचार करून भिंतीवर खडूने एक गोल काढला. मग तो गोल फार उंच वाटला, म्हणून खाली दुसरा काढला. मी राहायला गेलो तेव्हा तिसरा उन्हाळा सरला होता आणि भिंतीवर सात गोल होते, प्रत्येकाच्या पोटात तारीख. दिवाळीला घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याला ते सात गोल वगळून रंगवायला लावलं. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईने त्यातल्या एकाला हात जोडले होते, असं अक्का सांगायच्या.

त्या दसऱ्याला नानांना तोडगा सापडला. हवा कशी वाहते, हे मांडून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात स्वयंपाकघराचं चित्र घातलं की पंखा नेमका कुठे हवा, ते गणिताने निघतं. त्यासाठी दणकट कॉम्प्युटर हवा. तो तयार घ्यायचा नाही, एकेक भाग आणून घरी जोडायचा. तीन दिवसांत सगळे भाग आले. प्रोसेसर तर असा घेतला की ज्यावर लोक सिनेमे बनवतात. फक्त एक गोष्ट राहिली. असले तगडे प्रोसेसर डब्यातून कूलरशिवायच येतात. कूलर वेगळा निवडून वर बसवावा लागतो. त्याच्याशिवाय कॉम्प्युटर चालू केला तर मिनिटभरात तापून बंद पडतो.

म्हणजे पंखा गणितावर अडला, गणित कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटर कूलरवर. अक्कांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मला वाढताना म्हणाल्या, "पंख्यासाठे कॉम्प्युटर, कॉम्प्युटरसाठे कूलर. आते कूलरसाठे काय जोयजे ते इचारी ल्या भो, म्हंजे मी बजारमातून एकदावच लई येसू."

मी मनापासून हसलो. तेव्हा मला ते फक्त विनोदी वाटलं होतं.

जळगावात ज्या दुकानातून भाग घेतले, तो दुकानदार नानांचाच जुना विद्यार्थी. वायरिंग शिकला आणि कॉम्प्युटरच्या धंद्यात पडला. त्याने काउंटरवर एक कूलर ठेवला. तांब्याच्या सहा नळ्या, त्यांच्यावर पत्र्याच्या पातळ पापुद्र्यांचा उभा मनोरा, पुढे एक मोठा पंखा.

"सर, हा घ्या. विषय संपला."

"विषय तू संपवणार?" नाना म्हणाले. "विषय तुला शिकवला कोणी?"

त्याने जीभ चावली आणि घाबरून पाण्यावर चालणारा कूलर दाखवला. नाना आणखी भडकले. "आमच्याकडे उन्हाळ्यात दोन दिवसांआड नळ येतो. माणसं हंडे घेऊन उभी आणि प्रोसेसरला पाणी पाजू? हवेचाच पाहिजे. पण कुठला, ते मी ठरवीन."

आणि ते ठरवायला बसले. आधी एक वही केली. उंची, रुंदी, वजन, पंख्याचे फेरे, आवाज, पापुद्र्यांची संख्या. मग कागदावर भरवसा नाही म्हणून आयटीआयमध्ये पोरांना शिकवायचे त्या पद्धतीने प्रत्येक कूलरचं पुठ्ठ्याचं मॉडेल बनवायला घेतलं. खऱ्या मापाचं, पापुद्र्यांसकट. अकरा मॉडेलं झाली. हॉलमधल्या शोकेसवर ती ओळीने मांडली होती आणि येणारे पाहुणे गणपतीचं मखर यंदा लवकर का काढलं, असं विचारायचे.

एकेक बाद होत गेलं, त्याची कारणं नानांनीच द्यावीत अशी. एक काळ्या रंगाचा होता, तो बाद. का? तर काळा रंग उन्हात तापतो. बंद कॅबिनेटच्या आत ऊन कुठून येणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "सवय वाईट." एकाची इंटरनेटवर फार स्तुती होती. "इतकं कौतुक करतात म्हणजे खपत नसणार." एक बाद झाला तो कॅबिनेटच्या झाकणाला पाच मिलिमीटर भिडत होता म्हणून. सात महिन्यांत पटण्यासारखं कारण मी एवढं एकच ऐकलं. तिथेसुद्धा नानांनी आठवडाभर कॅबिनेटला घुमट ठोकायचा बेत केला होता.

एका कूलरचा आवाज ऐकायचा म्हणून आम्ही धुळ्याला गेलो. तिथे माझ्या ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत तो बसवलेला होता. जळगावच्या स्टँडवर नानांनी बस कशी उभी आहे ते पाहिलं, बोटांवर हिशोब केला आणि सावलीची बाजू धरून आम्ही बसलो. बस फाटकातून बाहेर पडून वळली आणि सावली पलीकडे गेली. समोरच्या रांगा रिकाम्या होत्या. मी उठायला लागलो तर नानांनी माझा हात दाबला. "आता जागा बदलली तर सिद्धांत काय राहिला?" सिद्धांत राहिला आणि आम्ही धुळ्यापर्यंत उन्हात भाजत गेलो. स्टुडिओत नाना डोळे मिटून पाऊण तास त्या कूलरसमोर बसले. स्टुडिओवाला दोनदा येऊन मला खुणेने विचारून गेला, बरे आहेत ना? शेवटी नानांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "याला सर्दी आहे." तोही बाद.

हे सगळं मी ऑफिसात रंगवून सांगायचो. जेवणाच्या सुट्टीत टेबलाभोवती लोक जमायचे, "आज नानांचं काय?" म्हणून विचारायचे. मी डबा उघडायचो आणि किस्सा सुरू करायचो. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. तो डबा कुणी, कसल्या खोलीत उभं राहून केला, हे माझ्या किश्श्यात कधी आलं नाही. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती, हेही खरं.

दसरा गेला, दिवाळी गेली, होळी गेली. चैत्रात अक्कांनी पहिलं पातेलं चढवलं. त्या दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन झडपेखाली उभ्या राहायच्या, पदराने मान पुसायच्या आणि आत जायच्या. नाना पुठ्ठ्यांसमोर बसून सांगायचे, "तुझ्याच पंख्याचं चाललंय."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात नानांचा निर्णय झाला. आम्ही दुकानात गेलो. नानांनी वहीचं शेवटचं पान वाचून दाखवलं. दुकानदाराने निमूट मागच्या फळीवरून एक खोका काढला, फडक्याने पुसला आणि समोर ठेवला. दसऱ्याला ठेवलेला तोच कूलर. सहा नळ्या, एक मनोरा, एक पंखा.

"यावर धूळ आहे," नाना म्हणाले.

"सर, सात महिने तुमचीच वाट बघतोय तो."

नाना मला म्हणाले, "बघ, माझा विद्यार्थी. नजर तयार आहे पोराची. फक्त कारणं देता येत नाहीत."

घरी बसवायचा कार्यक्रम झाला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक मलम लावतात, ते तुरीच्या दाण्याएवढं लावा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. नाना अडले. जळगावसारख्या डाळीच्या गावात राहून नुसतं तुरीचा दाणा म्हणून कसं चालेल? कुठली तूर, लहान की टपोरी? त्यांनी अक्कांना मूठभर तूर आणायला सांगितली आणि मोजपट्टी घेऊन एकेक दाणा मापायला लागले. मग अक्कांनी परातीतून एक दाणा उचलून नानांच्या तळहातावर ठेवला.

"हाई ल्या. बठ्ठा दाना सारखाच शेतस."

कॉम्प्युटर चालू झाला. पहिल्याच दणक्यात, अगदी मऊ आवाजात. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही येईल असं वाटलं, इतका मी त्या सात महिन्यांत मुरलो होतो. त्यांनी पेढे आणले. स्वयंपाकघराचं चित्र सॉफ्टवेअरमध्ये घातलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की सकाळी नऊनंतर प्रोसेसरचा आकडा चार अंशांनी वर जातो. कॉम्प्युटर हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मांडला होता. नानांनी बोट ओलं केलं, वर धरलं. वारा कुठून आला? झडपेतून. कुठे चालला? कूलरच्या तोंडात. म्हणजे अक्कांच्या चुलीची धग कूलर आत ओढत होता.

एखाद्याने कॉम्प्युटर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला असता. नानांनी झडपेवर प्लायवूडची फळी ठोकली. दाराला प्लॅस्टिकचे जाड पट्टे टांगले, केळीच्या गोदामाला गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून लावतात तसले. फळी ठोकताना खिळे मी धरले होते.

अक्का खाली उभ्या राहून वर बघत होत्या. म्हणाल्या, "मंग माले वारा कोठून येई?"

"अगं, तेच तर गणितातून निघणार आहे," नाना म्हणाले. "तोवर दम धर."

आखाजी आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. नानांची लेक आणि जावई दुपारच्या गाडीने सुरतेहून येणार होते. मांडे करायचे तर उलटं घातलेलं मातीचं खापर सगळीकडून सारखं तापावं लागतं. अंगणात वारा फार, खापर एका बाजूला गार पडतं. म्हणून अक्कांनी ते आत, गॅसच्या मोठ्या शेगडीवर ठेवलं होतं. आदल्या दिवशी सकाळी नानांनी गणित सुरू करून दिलं होतं. सॉफ्टवेअरने सांगितलं होतं, छत्तीस तास लागतील.

"फळी काढा ना आजना दिन," अक्का सकाळी म्हणाल्या.

"आज? आज तर मुळीच नाही. गणित मध्यावर आहे. प्रोसेसर तापून बंद पडला तर पहिल्यापासून करावं लागेल. नुकसान तुझंच."

अक्का पट्ट्यांमागे गेल्या. मला सुट्टी होती. मी हॉलमध्ये नानांच्या शेजारी बसून पडद्यावर त्याच स्वयंपाकघराचं चित्र बघत होतो. लाल, पिवळे, निळे बाण. छताखाली सगळं लाल. नाना एकेक बाण समजावून सांगत होते. आतून खापरावर मांडा पडल्याचा आवाज यायचा, थोड्या वेळाने पुन्हा यायचा. मग बराच वेळ आला नाही. करपल्याचा वास आला.

"अक्का?" मी हाक मारली.

पट्टे बाजूला करून आत गेलो तर त्या ओट्याला टेकून खाली बसलेल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले, हात पुरणाने माखलेले. मी गॅस बंद केला. आम्ही दोघांनी त्यांना उचलून हॉलमध्ये खाटेवर आणलं. नाना पार हबकले. बत्तीस वर्षं वर्गात शुद्ध बोललेला माणूस, त्याच्या तोंडून आईची भाषा बाहेर पडली.

"काय व्हयनं व? ऊठ ना व! आयक ना, ऊठ!"

वीज होती, वर पंखा फिरत होता, पण तो त्यांना पुरेसा वाटेना. त्यांनी हाताला लागलं ते उचललं आणि अक्कांना वारा घालायला लागले. ते शोकेसवरचं चौथ्या नंबरचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. अकरा कूलरांमधून त्यांनी कुणा माणसाला दिलेला वारा तेवढाच. मग सवयीने बंदूक काढून त्यांनी अक्कांच्या कपाळावर धरली, आकडा पाहिला, आणि मी ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच तो मोठ्याने वाचला नाही.

डॉक्टर घरी आले. थोडक्यात निभावलं, म्हणाले. अंग पुसा, मीठ-साखरेचं पाणी द्या, दोन दिवस चुलीपुढे जायचं नाही. लेक आली, आईजवळ बसून राहिली. सणाचं जेवण जावयाने हॉटेलातून आणलं. नाना कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. मला त्यांची दया आली, आणि वाटलं, आता हा माणूस बदलणार. मी तेव्हा लहानच होतो म्हणायचं.

संध्याकाळी दिवेलागणीला कॉम्प्युटरने टिंग केलं. छत्तीस तास झाले होते. नाना उठले, पडद्याजवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि ओरडले, "पहिलाच!"

सगळ्यांनी माना वळवल्या.

"अगं, पहिलाच गोल! तीन वर्षांपूर्वी नुसत्या नजरेने काढला होता तो! एक इंचाचाही फरक नाही!" ते खाटेजवळ आले. चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "पाहिलंस? माझा अंदाज बरोबर होता!"

अक्कांनी डोळे उघडले. मग पेला मागितला, पाणी प्यायल्या आणि कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी नाना लेकीला आणि जावयाला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले. ते कोपऱ्यावरून वळले तशी अक्कांनी मला खाली बोलावलं आणि दुकानदाराला फोन लावायला सांगितलं. तो अर्ध्या तासात एक्झॉस्ट फॅन घेऊन आला. कुठली कंपनी हवी वगैरे त्याने विचारलं होतं. अक्का म्हणाल्या होत्या, जो हाताशी असेल तो.

"सरांना विचारलं का?" तो दबकत म्हणाला.

"सरसनं गणित व्हयी गयं," अक्का म्हणाल्या.

त्याने पहिला गोल पाहिला. "इथे बसवायचा ना? भिंत फोडायला गवंडी लागेल."

"तठे भोक पाडनं पडी. आठे पाडेल शे." अक्कांनी झडपेकडे बोट केलं.

मी स्टुलावर चढलो आणि मी धरलेले खिळे मीच उपटले. फळी खाली आली. दुकानदाराने पंखा झडपेत बसवला, वायर ओढली. मग तो थबकला. "अक्का, याचं तोंड हॉलकडे झालं. सगळी धग थेट सरांच्या कॉम्प्युटरवर येईल. आणि सर बसतात त्या खुर्चीवर."

"व्हवू दे."

नाना परत आले तेव्हा शेगडीवर मिरच्यांची फोडणी होती आणि पंखा पूर्ण वेगात. ते चप्पल काढून आपल्या खुर्चीत बसले आणि पुढच्याच क्षणी खोकत उठले. शेजारी कॉम्प्युटरचा तो मऊ आवाजाचा कूलर गिरणीसारखा घरघरायला लागला होता. नानांनी वर पाहिलं, झडपेतला पंखा पाहिला, मग पट्ट्यांपलीकडे शांतपणे भाजी परतणाऱ्या बायकोला पाहिलं.

"अगं, हे काय? उष्णता बाहेर काढायची असते! बाहेर!"

अक्का मागे न वळता म्हणाल्या, "बाहेरच काढी ऱ्हायनू. मी मझार शे, तुम्ही बाहेर शेतस."

यानंतर मी त्या खोलीत वर्षभर राहिलो. नानांनी कॉम्प्युटर दुसऱ्या कोपऱ्यात हलवला नाही. जागा बदलली तर सिद्धांत काय राहिला? येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, बघा, स्वयंपाकघराची धगसुद्धा पेलतो, म्हणून तर हाच कूलर निवडला. त्यात ते खोटं बोलत नव्हते. कूलर खरोखर उत्तम होता. त्याच्या पापुद्र्यांवर तेलाचा थर बसला होता आणि त्याला कायम लसणाचा वास यायचा. नाना गळ्यात ओला पंचा टाकून त्याच्याशेजारी बसायचे, दर अर्ध्या तासाने आकडा पुकारायचे, "अठ्ठ्याहत्तर!" आणि आतून अक्का उत्तर द्यायच्या, "आठे बरं शे!" त्या वर्षी त्यांनी बिबड्यांच्या ऑर्डरी दुपटीने घेतल्या.

परवा जळगावला गेलो होतो, म्हणून मुद्दाम पिंप्राळ्यात डोकावलो. दुपारची वेळ. नानांनी माझ्या कपाळावर बंदूक धरली, आकडा सांगितला. थकलेत. मग मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारात नेलं. भिंतीवर सातही गोल तसेच होते. ओट्यावर हातोडी आणि छिन्नी ठेवलेली होती. नानांनी पहिल्या गोलावर टिचकी मारली.

"तू तरी सांग हिला," ते म्हणाले. "जागा ठरलेली आहे, गणित झालेलं आहे, छिन्नी मी स्वतः मारतो. पंखा तिथून काढून इथे लावू. एका तासाचं काम आहे."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर करून सावकाश त्या गोलाकडे पाहिलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे.

"इचार करू द्या माले," त्या म्हणाल्या. "भिंतले भोक एकदावच पाडता येस."

हातोडी आणि छिन्नी ओट्यावर येऊन पडल्याला हा तिसरा उन्हाळा, असं नाना मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले.